उद्घाटनाची चाल

मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात शहाणी माणसे झोपतात आणि उरलेली वाद घालतात. यंदा मला दोन्ही जमेना. गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, अंगणातल्या नळाचे पाणी तसेच्या तसे चहाला चालेल इतके तापत होते, आणि वाचायला मागवलेली पुस्तके एकापेक्षा एक वाईट निघाली. तेव्हा माझी सून अश्विनी हिने आपला जुना लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला, दोन मुठी असलेले एक यंत्र हातात दिले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात ना? मग आता जरा साम्राज्य चालवून बघा."

साम्राज्य चालवणे फार सोपे निघाले. पडद्यावर एक ओसाड माळ असतो, त्यावर आपण झोपड्या उभारायच्या, धान्य पिकवायचे, सैन्य ठेवायचे आणि शेजाऱ्याने आपल्याआधी हे सगळे केले असेल तर त्याच्यावर चालून जायचे. डावपेचांचा खेळ म्हणतात याला. डावपेच बरे होते. मला सोसले नाही ते कौतुक. कोपऱ्यात एक दरबारी गृहस्थ उगवतो आणि वाकून मला महाप्रतापी म्हणतो. विहीर खणली, तुतारी. कोठार बांधले, तुतारी. लाकूडतोड्याला झाड तोडायला सांगितले, तो गेला, झाड पडले, त्यात माझा प्रताप कोणता? तरी तुतारी वाजलीच. एकदा मी मुद्दाम काहीच केले नाही, पाणी प्यायला उठलो. परत आलो तर त्या गृहस्थाने माझ्या संयमी राज्यकारभाराबद्दल मला पदक दिलेले होते. ज्या खेळाला माझ्याबद्दल इतका आदर आहे, तो मला खेळू देईल अशी आशा मी तिथेच सोडली.

एक खेळ मात्र मला आवडला, हे सांगितले पाहिजे, नाहीतर म्हातारा नुसताच कुरकुरतो असे होईल. त्यात एक लहान गाव होते आणि हिवाळा यायचा होता. मी हौसेने घरे बांधत राहिलो, सरपण साठवायचे विसरलो, आणि थंडीत गावातली माणसे एकेक करून गारठून मेली. तुतारी नाही, दरबारी नाही, दोषारोप नाही. नुसते बर्फ पडत राहिले. मी बराच वेळ त्या पांढऱ्या गावाकडे बघत बसलो. चूक माझी होती आणि ती कुणी माझ्या हातातून काढून घेतली नाही. असा मान मला फार थोड्या ठिकाणी मिळाला आहे.

मग अश्विनीने गोष्टीचा खेळ लावून दिला. यात एक शिपाईगडी असतो, तो म्हणजे आपण. वाटेत माणसे भेटतात, बोलतात, आणि काय उत्तर द्यायचे ते आपण निवडायचे. पडद्यावर गंभीर अक्षरांत येते की तुमच्या निर्णयाने कथा बदलेल. मी मास्तर माणूस, पडताळून पाहिल्याशिवाय राहवेना. नदीवरच्या नावाड्याशी एकदा सौजन्याने बोललो, एकदा उर्मटपणे, एकदा तोंडच उघडले नाही. तिन्ही वेळा त्याने मला त्याच काठावर त्याच दगडाशी उतरवले. कथा बदलली ती एवढीच, की उर्मटपणे बोललो तेव्हा तो जाताना थुंकला.

तेही चालले असते. पण परवा दुपारी जे झाले ते मात्र नाही. शत्रूच्या किल्ल्यात मी मोठ्या कष्टाने शिरलो होतो. पहारेकऱ्यांच्या पाठीमागून, भिंतीला चिकटून, एकालाही जागे न करता. शेवटच्या दाराशी आलो, आणि चित्र आपोआप चालू लागले. माझा शिपाईगडी, ज्याला मी इतका सांभाळून आणला, त्याने ते दार लाथेने उघडले, सरळ आत गेला, तलवार खाली ठेवली आणि शत्रूच्या सरदाराला सत्य आणि न्याय यांवर भाषण दिले. मी एकामागून एक बटणे दाबत होतो. तो ऐकेना. भाषण रंगात आले असताना मागून कुणीतरी त्याच्या डोक्यात घातले. अंधार झाला. उजेड आला तेव्हा शिपाईगडी साखळदंडात होता, हातातले यंत्र थरथरले, आणि अक्षरे उमटली: आता तुमची पाळी.

"अगं, हे मी केलं नाही," मी अश्विनीला म्हणालो.

"कटसीन असतो तो, बाबा. त्या वेळी आपल्या हातात काही नसतं. नुसतं बघायचं."

"मग कोठडीत मी का? भाषण त्यानं केलं."

"गोष्टच तशी आहे ना."

"मला मागं जायचंय. त्या दाराच्या आधी."

"मागं जिथं खेळ सेव्ह केलाय तिथं जाता येईल, पण दार आलं की तो पुन्हा तेच करणार." ती हसली. "एवढं काय चिडताय? खेळच आहे."

मी यंत्र खाली ठेवले. हा राग त्या शिपाईगड्याच्या मानाने फारच मोठा आहे हे माझे मलाच कळत होते. तो आजचा नव्हताच. तो असल्याच एका मे महिन्यातला होता, सत्तरच्या दशकातला, नवी पेठेतल्या एका सभागृहातला. आणि त्या सभागृहात खुर्चीशेजारी हात बांधून उभी होती ती माझी धाकटी बहीण, कुमुद.

तेव्हाचा उन्हाळा आठवतो तो आधी कानांना. पूर्वेकडच्या पेठांतून मागांची खटखट दुपारभर चालू असे, इतकी सलग की ती थांबली तरच ऐकू यावी. मग गिरणीचा भोंगा, मग पाळी सुटलेल्या सायकलींच्या घंटा. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत शहाबादी फरशीवर पाणी मारलेले असे, खिडकीला वाळ्याचा पडदा, आणि त्या ओल्या, गार, किंचित मातकट वासात कुमुद पालथी पडून बुद्धिबळाच्या पटाकडे बघत असायची. बी.ए.ची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि उन्हाळ्याची सुटी पगारासकट मिळते या शोधाने हरखून गेलो होतो.

वडिलांनी आम्हाला देशी पद्धतीचा डाव शिकवला होता. त्यात प्यादे एका वेळी एकच घर जाई, पहिल्या चालीलाही. वजिराने मात केली तर वडील नुसते "ठीक" म्हणत. प्याद्याने केली तर उठून पाठ थोपटत. समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि राजा उघडा पडला, तर त्याला बुर्जी म्हणायचे आणि डाव तिथेच सोडायचा. पूर्ण जिंकलो असे म्हणायचे नाही. एकट्या उरलेल्याला मारण्यात कसला पराक्रम, असा विचार त्यामागे असावा. त्या नियमांत एक प्रकारची सभ्यता होती. ती मला पुढे साम्राज्यांत सापडली नाही, ना पुस्तकांतल्या, ना पडद्यावरच्या.

कुमुद शाळेत असतानाच वडिलांना हरवू लागली. मी तर तिच्या खिजगणतीतही नव्हतो. तिला थोडाफार घाम फोडी तो सिद्राम. भुसार बाजारातल्या व्यापाऱ्याचा मुलगा, माझा वर्गमित्र, घरी कानडी बोलणारा आणि बाहेर मराठीला कानडी हेल देणारा. वयाने कुमुदपेक्षा मोठा असून तिला अक्का म्हणे. हरणाऱ्याने म्हणायचे असते, असे त्याचे स्पष्टीकरण. दुकानातून निघताना खिशात भाजलेल्या शेंगा भरून आणायचा आणि फरशीवर मांडी ठोकायचा.

"अक्का, आज तेवढं वजीर बिनकामाचं ठेव की. मला बी जिंकायचं हाय कवातरी."

"तुझा वजीर कुठं काम करतो, सिद्राम? फिरायला जातो आणि घरी येतो."

"बघ की ओ प्राध्यापक, हे तुमच्या घरचं वळण."

"टरफलं पटावर टाकू नकोस," कुमुद म्हणे, "नाहीतर प्यादी समजून मारीन."

हसणे चालू असे, पण तिच्या मनात काही वेगळेच घर करून होते. एकदा सिद्राम गेल्यावर ती मोहरे डबीत भरता भरता म्हणाली, "दादा, सिद्राम काय खेळणार ते त्याच्या आधी मला कळतं. बाबांचंही. ह्या गावात माझ्यासमोर बसतील अशी माणसं संपली. मला एकदा अशा माणसासमोर बसायचंय ज्याचं नावसुद्धा मला माहीत नाही."

म्हणून पेठेतल्या मंडळाने बुद्धिबळाची स्पर्धा जाहीर केली आणि जिंकेल त्याला पुण्याच्या राज्य स्पर्धेला पाठवणार असे सांगितले, तेव्हा आमच्या घरात त्याला केवळ स्पर्धा कुणी म्हणेना. त्याला "पुणे" म्हणत. वडिलांनी विचार करून परवानगी दिली. "जिंकलीस तर जा. दादा सोबत येईल." दिवाळीनंतर कुमुदसाठी स्थळे बघायला लागायची होती. म्हणजे पुढल्या उन्हाळ्यात ती कुठल्या गावी, कुणाच्या घरी असेल आणि त्या घरात पट असेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हते.  आईने तिच्या कोऱ्या साडीला फॉल लावून ठेवला.

मंडळाचे चिटणीस अण्णा. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. मनाने वाईट नव्हते, पण मोठ्या माणसासमोर त्यांचे गुडघे आपोआप वाकत. त्या वर्षी त्यांनी देशी नियम मोडीत काढले आणि आंतरराष्ट्रीय नियम आणले. त्यांचे पुस्तक कुठूनसे मिळवले, आणि ते एकट्यांनीच वाचलेले असल्यामुळे पंचही तेच झाले. दारावर कापडी फलक लागला. त्यावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द एवढा मोठा होता की 'बुद्धिबळ' पुढच्या खांबाला वळसा घालून गेले होते. कुमुद आणि सिद्राम यांनी फरशीवर बसून नव्या नियमांचा सराव केला. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येतात, याचे तिला फार अप्रूप वाटले. "म्हणजे घाई करायची परवानगी आहे," ती म्हणाली.

स्पर्धेत ती जिंकत गेली. एका वकिलाने "मुलीबरोबर काय खेळायचं" म्हणून हसत डाव मांडला आणि दुपारपर्यंत त्याचे डोके दुखू लागले. अंतिम सामना अपेक्षेप्रमाणे कुमुद आणि सिद्राम यांचाच ठरला. चिठ्ठ्या टाकल्या, पांढरे मोहरे कुमुदला आले. पांढऱ्याची पहिली चाल असते. रात्री जेवताना ती कोणत्या प्याद्याने सुरुवात करायची ते बोटाने ताटावर ठरवत होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. स्पर्धेचे उद्घाटन अजून व्हायचे होते. प्रमुख पाहुणे एक मोठे अधिकारी होते. कुठल्या खात्याचे ते मला आजतागायत कळलेले नाही. खाते मोठे असावे, कारण गाडीला पडदे होते. त्यांना पहिल्या दिवशी सवड झाली नाही, दुसऱ्या दिवशी झाली नाही, आणि साहेबांवाचून उद्घाटन करणे अण्णांच्या स्वप्नातही बसत नव्हते. म्हणून स्पर्धा तशीच चालू राहिली, आणि तिचे उद्घाटन शेवटच्या दिवशी, अंतिम सामन्याच्या आरंभी झाले. यात कुणालाही काही वावगे वाटले नाही. त्या काळी आमच्याकडे रोगी बरा झाल्यावरही दवाखान्याचे उद्घाटन होत असे.

शाल झाली, नारळ झाला, साहेबांच्या कार्यबाहुल्याचे वर्णन झाले. मग अण्णांनी ध्वनिक्षेपकावर जाहीर केले की आता साहेब पटावर उद्घाटनाची चाल करतील. तशी पद्धत आहे. पाहुण्याने एक प्यादे सरकवायचे, टाळ्या वाजवायच्या, मग प्यादे जागच्या जागी ठेवून खेळाडूंनी डाव मांडायचा. कुमुदला खुर्चीवरून उठवले. साहेब तिच्या खुर्चीत बसले. ती शेजारी हात बांधून उभी राहिली.

साहेबांनी हात पटावर थोडा वेळ फिरवला आणि राजाच्या उंटापुढचे प्यादे एक घर सरकवले. अण्णा सिद्रामला म्हणाले, "अरे, तू पण काहीतरी चाल कर, फोटोत हात पाहिजे." सिद्रामने राजापुढचे प्यादे पुढे केले. फोटोवाल्याने कळ दाबली. फ्लॅशचा बल्ब उडालाच नाही.

"साब, बल्ब दगा दिया," फोटोवाला म्हणाला. "एक और चाल हो जाय."

साहेब खूश दिसले. "नव्या नियमानं प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं म्हणे?"

"अगदी बरोबर, साहेब. आंतरराष्ट्रीय," अण्णा म्हणाले.

आपल्याला हे माहीत आहे हे सर्वांना दिसावे म्हणून साहेबांनी आधीच्या प्याद्याच्या शेजारचे, घोड्यापुढचे प्यादे उचलले आणि ऐटीत दोन घरे पुढे ठेवले. टाळ्या झाल्या. बल्ब याही वेळी उडाला नाही, पण तोवर साहेब उठले होते.

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढऱ्याने ही दोन प्यादी अशी सरकवली की त्याच्या राजाशेजारची भिंत पडते, आणि काळ्याचा वजीर एका तिरक्या धावेत येऊन मात करतो. बुद्धिबळात याहून लवकर कुणाला हरता येत नाही. खेळ शिकल्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला हे दाखवतात, आणि मग जन्मात कुणी ते करत नाही.

कुमुदने एकदा पटाकडे बघितले आणि शांतपणे म्हणाली, "अण्णा, मोहरे परत लावते हं."

"परत? परत कसे? बस, बस, डाव सुरू झाला. चाल तुझी नाही, सिद्रामची आहे."

"पण ही उद्घाटनाची होती ना?"

अण्णांनी आवाज खाली आणला. "अगं, सायब समोर बसल्यात. त्यांनी केलेली चाल त्यांच्या डोळ्यांदेखत मागं घ्यायची? आणि नियम आहे. हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे."

"हात मी कुठं लावला?"

मी उठलो. उठून मोठ्याने म्हणालो की हा चावटपणा आहे, डाव नव्याने मांडा. अण्णा म्हणाले, "प्राध्यापक, तुमची बहीण आहे म्हणून बोलताय." मी म्हणालो, कुणाचीही बहीण असती तरी बोललो असतो. तेवढ्यात त्यांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला आणि श्रोत्यांना शांततेचे आवाहन केले. माझा आवाज माणसाचा होता, त्यांचा कर्ण्याचा. सिद्रामही म्हणाला, "अण्णा, नव्यानं मांडा की. ह्यात काय मजा हाय?" त्याला त्यांनी डोळ्यांनी गप्प केले. पहिल्या रांगेत साहेब लिंबाचे सरबत पीत होते. आपण काय करून बसलो आहोत याचा त्या माणसाला गंधही नव्हता, आणि मला आजही वाटते की तो असता तरी सरबताला फरक पडला नसता.

सिद्रामचा हात वजिराकडे जाईना. तो कडेच्या एका निरुपद्रवी प्याद्याकडे सरकू लागला. कुमुद आता खुर्चीत बसली होती. ती त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू बोलली, पण मी जवळ उभा होतो.

"सिद्राम, दिसतंय ते खेळ."

"नगं, अक्का."

"त्यांनी मला हरवलंय. तू मला भीक घालू नकोस."

सिद्रामने वजीर उचलला आणि तिरका नेऊन ठेवला. "मात हाय," तो म्हणाला, आणि मान वर केली नाही.

परवा मी हे सगळे पुन्हा आठवून फोनवर कुमुदला त्या किल्ल्याचा, भाषणाचा आणि साखळदंडाचा प्रकार सांगितला. ती नातेपुत्याला असते, शाळेतून निवृत्त झाली आहे, नातवंडांना बुद्धिबळ शिकवते आणि त्यांना जिंकू देत नाही. मी तावातावाने म्हणालो, अगं, या खेळांत स्वतः केलेली चूक हवी तितक्या वेळा पुसता येते, मागच्या जागी जाऊन पुन्हा खेळता येते. पण खेळाने आपल्या नावावर केलेला मूर्खपणा मात्र पुसता येत नाही. नेमके उलटे हवे होते. आपली चूक राहू द्यावी, दुसऱ्याची पुसावी.

"ते राहू दे," ती म्हणाली. "कोठडीतून सुटलास का?"

"नाही."

"मग आधी सूट. मग चिड."

तिला चिडणे नेहमीच माझ्यापेक्षा चांगले जमले आहे. मी पसरट चिडतो. ती नेम धरून चिडते. त्या सभागृहातही तसेच झाले. सामना चहाच्या आधीच आटोपल्यामुळे साहेबांच्या भाषणाला भरपूर वेळ मिळाला. बुद्धीचे महत्त्व या विषयावर ते बोलले. पराभवाने खचू नये, त्यातून शिकावे, असे त्यांनी कुमुदकडे बघून सांगितले. मग बक्षिसे. सिद्रामला करंडक आणि पुण्याला पाठवण्याची घोषणा. उपविजेतीला चादर. आपल्या गावची, जाड, लाल आणि निळ्या चौकटींची.

कुमुदने चादर साहेबांच्या हातून घेतली. नमस्कार केला. मग तिथेच व्यासपीठावर तिची घडी मोडली, दोन्ही हातांनी पसरली आणि साहेबांच्या खांद्यांवर, शालीच्या वरून, नीट पांघरली.

"ही आपली आहे, साहेब," ती म्हणाली. "उपविजेते आपण. मी अजून खेळलेलीच नाही."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्यांना शब्द ऐकू गेले नव्हते; साहेबांचा दुसऱ्यांदा सत्कार झाला असे त्यांना वाटले. साहेबांनाही तसेच वाटले. मे महिन्यात शाल आणि चादर घेऊन ते घाम पुसत हसत राहिले. या वेळी बल्ब बरोबर उडाला, आणि गावातल्या एका वर्तमानपत्रात तो फोटो आला, खाली 'प्रमुख पाहुण्यांचा हृद्य सत्कार' अशी ओळ. ज्यांना कळले होते अशी त्या सभागृहात तीनच माणसे होती, आणि चौथे अण्णा. ते पांढरेफटक पडले होते.

गाडी गेली, श्रोते उठले. कुमुद व्यासपीठावरून उतरली ती घरी यायला निघाली नाही. पटाशी गेली. साहेबांची दोन प्यादी त्यांच्या घरी नेऊन ठेवली, काळा वजीर परत नेला, सिद्रामचे प्यादे मागे घेतले, आणि आपल्या खुर्चीत बसली. सतरंज्या गुंडाळणारे गडी तिच्या भोवतीने काम करू लागले.

सिद्राम गळ्यातली फुले खुर्चीला अडकवून समोर बसला. "अक्का, तू जिंकलीस तर पुण्याला तूच. मी अण्णांना सांगतो. नाय ऐकलं तर करंडक त्यांच्या दारात ठेवून येतो."

"तू कच्चं खेळलास तर मला कळेल."

"कळतंय म्हणूनच तर भ्या वाटतंय."

अण्णा दारात उभे होते.  गड्यांना एवढेच सांगितले की एक पंखा चालू राहू द्या.

तिने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला तेव्हा सुरुवात झाली. मी तो डाव उभ्यानेच पाहिला. शेवटी पटावर दोघांचा एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली, आणि कुमुदकडे एक प्यादे जास्त होते. ती जिंकत होती. मी पुण्याच्या गाडीची वेळसुद्धा मनात काढली. मग कडेला सिद्रामचे एक प्यादे मोकळे दिसले, आणि तिने हत्ती तिकडे पाठवून ते खाल्ले.  सिद्रामने मधले प्यादे पुढे ढकलले. पुन्हा ढकलले. कुमुदचा हत्ती कोपऱ्यातून परत यायला निघाला, पण आपल्याच प्याद्याला अडला. सिद्रामच्या प्याद्याचा वजीर झाला तेव्हा तिने हार मानून आपला राजा आडवा केला.

दोघांनी मग खूप वेळ तोच शेवट पुन्हा पुन्हा मांडून पाहिला, हत्ती इथे असता तर, तिथे असता तर. सिद्राम पुण्याला गेला. मला यात अजून समाधान नाही. ती हरली म्हणून त्या सभागृहात झालेले काही धुतले जात नाही. ताज्या डोक्याने, भरल्या सभेत, योग्य वेळी बसली असती तर तिने ते प्यादे सोडून दिले असते असे मी आजही म्हणतो, आणि आजही ती ते मला म्हणू देत नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. बातमी आमच्या आधी येऊन गेली होती, दोन-तीन तोंडांनी, वाढत वाढत. ते रागाने लाल झाले होते.

"हरलीस म्हणे. त्या साहेबामुळं?"

"नाही," कुमुद चपला काढता काढता म्हणाली. "माझ्या हत्तीमुळं."